उघडिपीचं वेळापत्रक

२१ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्याच्या सीमेवर गोदावरीवरच्या मेडीगड्डा बॅरेजमधून मोठा आवाज झाला. सातव्या ब्लॉकमधला विसाव्या क्रमांकाचा खांब खचला होता. त्याच्यावरचा पूल खाली बसला, महाराष्ट्र आणि तेलंगणा जोडणारी त्यावरची वाहतूक बंद झाली आणि अडवलेलं पाणी सोडून द्यावं लागलं. ८५ दरवाजांच्या या बॅरेजचं उद्घाटन २१ जून २०१९ ला झालं होतं. खांब खचला तेव्हा त्याचा पाचवा पावसाळा नुकताच सरला होता.

राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या पथकानं पाहणी करून नोव्हेंबरात अहवाल दिला. नियोजन, आराखडा, बांधकामाचा दर्जा आणि देखभाल या चारही ठिकाणी त्रुटी राहिल्याचं त्यात म्हटलं होतं. पुढे तेलंगणा सरकारनं न्यायमूर्ती पी. सी. घोष यांचा चौकशी आयोगही नेमला. चारपैकी शेवटचा मुद्दा, देखभालीचा, वाचताना किरकोळ वाटतो. तसा तो नाही.

मेडीगड्डा खडकावर उभा नाही, वाळूवर उभा आहे. अशा बांधकामाचा जीव त्याच्या पायथ्याशी असतो. दरवाजातून सुटलेलं पाणी प्रचंड वेगानं खाली पडतं आणि नदीचा तळ खणायला बघतं. म्हणून दरवाजांच्या पुढे काँक्रीटचे ठोकळे आणि त्यापुढे सुटे दगड अंथरतात. हे आवरण जागेवरून सरकलं की तळाची वाळू निघून जायला लागते. पुढच्या पुरात खड्डा वाढतो, पाणी फरशीखालून वाट काढतं आणि पायाखालची वाळू आतल्या आत वाहून जाते. वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. बॅरेज सुरू झाल्यापासून या ठोकळ्यांची आणि दगडांची ठरल्याप्रमाणे तपासणी व दुरुस्ती झाली नाही, त्यामुळे बांधकाम हळूहळू कमकुवत होत गेलं, असा प्राधिकरणाच्या अहवालाचा निष्कर्ष होता.

आता प्रश्न येतो तो तपासणी कधी करायची याचा. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन झालेली प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते, आणि त्या संगमाच्या खाली मेडीगड्डा आहे. पूर्व विदर्भात पडलेला बहुतेक सगळा पाऊस इथून जातो. भंडारा जिल्ह्यातल्या गोसेखुर्दचे ३३ दरवाजे उघडले की काही दिवसांत त्याची खबर इथे पोचते. जुलै २०२२ मध्ये गोदावरीला एवढा पूर आला की मेडीगड्डा ज्या सिंचन प्रकल्पाचा भाग आहे त्याचं उपसा केंद्र पाण्याखाली गेलं. अशा महिन्यांत तळाशी कोण उतरणार? तळ बघता येतो तो पूर ओसरल्यानंतर, आणि दुरुस्ती करायची ती पुढच्या जूनच्या आत. तेवढी उघडीप चुकली की पुढचा अख्खा पावसाळा बांधकामानं जखमेसकट काढायचा. धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये पावसाळ्याआधी एक आणि नंतर एक अशा दोन तपासण्या दरवर्षी बंधनकारक आहेत, त्या याच कारणानं.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या लोकांना हे कॅलेंडर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावर भामरागड वसलं आहे. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहू लागलं की आलापल्लीकडून येणारा रस्ता तुटतो आणि भामरागडसकट पलीकडची कितीतरी गावं जगापासून वेगळी पडतात. म्हणून पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांचं रेशनचं धान्य पाऊस सुरू होण्याआधीच दुकानांत भरून ठेवतात. ज्या बायकांच्या बाळंतपणाची तारीख पावसाळ्यात येते, त्यांना दवाखान्याजवळ आधीच आणून ठेवायचा प्रयत्न आरोग्य विभाग करतो. काय लागेल, किती लागेल, कधीपर्यंत पोचवायचं आणि न पोचल्यास काय, हे सगळं मे महिन्यातच ठरवावं लागतं.

समुद्रात पवनचक्क्या उभारणाऱ्या अभियंत्यांची सारी विद्या याच प्रश्नांभोवती फिरते. पवनऊर्जेच्या नकाशावर हे दोन जंगली जिल्हे येत नाहीत आणि इथून समुद्रही शेकडो किलोमीटर दूर आहे. तरी यंत्र उभं आहे पण त्याच्यापर्यंत जाता येत नाही, ही अडचण दोन्हीकडे सारखीच आहे. भारत गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यापुढे समुद्री पवनक्षेत्रं उभारायच्या तयारीत असताना ही विद्या समजून घ्यायला हवी.

जगातलं पहिलं समुद्री पवनक्षेत्र डेन्मार्कमधल्या विंडेबी इथं १९९१ मध्ये सुरू झालं. त्यात ४५० किलोवॉटच्या अकरा पवनचक्क्या होत्या. किनारा जवळ, पाणी उथळ. ते पंचवीस वर्षं चाललं आणि २०१७ मध्ये उतरवलं गेलं. पुढची पायरी मोठी होती. २००२ मध्ये डेन्मार्कच्याच पश्चिम किनाऱ्यापुढे, खवळलेल्या उत्तर समुद्रात, हॉर्न्स रेव इथं दोन मेगावॉटच्या ८० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. थोड्याच काळात त्यांचे ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर बिघडू लागले. जमिनीवर असा दोष निघाला तर तंत्रज्ञ जीप घेऊन एकेक यंत्र दुरुस्त करत जातात. इथे मात्र दर दुरुस्तीसाठी बोट, शांत समुद्र आणि नशीब तिन्ही लागत होतं. अखेर २००४ मध्ये यंत्रं बनवणाऱ्या कंपनीनं ८० च्या ८० यंत्रांची वरची घरं, म्हणजे पात्यांमागचा गिअरबॉक्स-जनरेटर असलेला सगळा डबा, उतरवून किनाऱ्यावर आणली, दुरुस्त केली आणि परत नेऊन बसवली. कारखान्यातला छोटा दोष समुद्रात किती महाग पडतो, याचा धडा या उद्योगानं तिथून घेतला.

ब्रिटनमधल्या पहिल्या काही समुद्री पवनक्षेत्रांचा अनुभवही असाच होता. सुरुवातीच्या वर्षांत त्यांची यंत्रं सरासरी ८० टक्क्यांच्या आसपासच वेळ चालण्याच्या स्थितीत असत. जमिनीवरच्या चांगल्या पवनक्षेत्रात हा आकडा ९७ टक्क्यांपर्यंत जातो. यंत्रं जवळपास तीच होती. फरक पडत होता तो बिघाड झाल्यापासून माणूस तिथे पोचेपर्यंतच्या दिवसांचा.

तंत्रज्ञांना नेणारी बोट पवनचक्कीच्या खांबाला नाक टेकवते आणि इंजिनाच्या जोरावर तशीच दाबून धरते. मग माणूस बोटीवरून खांबाच्या शिडीवर पाऊल टाकतो. हा एक क्षण सर्वांत धोक्याचा. लाटेची उंची साधारण दीड मीटरच्या वर गेली की अशी बोट निघतच नाही. हालचाल झेलून स्थिर राहणारा पूल असलेली मोठी जहाजं अडीच मीटरच्या आसपासच्या लाटेतही माणसं चढवू शकतात. ब्रिटनचं हॉर्नसी वन हे क्षेत्र यॉर्कशायरच्या किनाऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे आणि तिथे सात मेगावॉटच्या १७४ पवनचक्क्या आहेत. इतक्या लांब रोज जाऊन-येऊन काम होणं शक्यच नाही, म्हणून तंत्रज्ञ अशाच जहाजावर राहतात, तिथेच जेवतात-झोपतात आणि सकाळी पुलावरून थेट पवनचक्कीत पाऊल टाकतात.

केवळ समुद्र शांत असून भागत नाही, तो पुरेसा वेळ शांत असावा लागतो. समजा दुरुस्तीला सहा तास लागतात आणि जायला दोन, यायला दोन. म्हणजे सलग दहा तासांची उघडीप हवी, शिवाय हाताशी थोडा वेळ राखून. सकाळी चार तास शांत, दुपारी लाटा, संध्याकाळी पुन्हा चार तास शांत, अशा दिवशी शांत तास आठ भरतात आणि काम शून्य होतं. पाती किंवा गिअरबॉक्स बदलायचा असेल तर पाय समुद्रतळाशी रोवून स्वतःला पाण्याबाहेर उचलणारं क्रेनचं जहाज लागतं. त्याला लाटेबरोबर वाऱ्याचीही मर्यादा असते, कारण ७५ मीटर लांबीचं पातं दोरांवर लटकत असताना झुळूकही जड जाते. असं जहाज मागितल्या दिवशी मिळत नाही आणि मिळालं की उभं राहिल्याचंही भाडं घेतं.

म्हणून नियोजनकार पवनक्षेत्र उभं राहण्याच्या कितीतरी आधी कामाला लागतात. त्या जागेच्या लाटांची आणि वाऱ्याची वर्षानुवर्षांची तासातासाची नोंद ते संगणकात भरतात आणि पंचवीस वर्षांचं आयुष्य हजारदा चालवून पाहतात. प्रत्येक वेळी बिघाड वेगळ्या दिवशी होतात, उघडीप वेगळ्या दिवशी मिळते. दोन छोट्या बोटी बऱ्या की एक मोठं जहाज, सुटे भाग बंदरात किती ठेवायचे, तंत्रज्ञ किती हवेत, यांची उत्तरं त्यातून निघतात. समुद्री पवनक्षेत्राच्या जन्मभराच्या खर्चात चालवणं आणि देखभाल यांचा वाटा साधारण पाव ते एक तृतीयांश असतो. एवढा मोठा हिस्सा आधी न मांडता विजेचा दर सांगणं ही बेजबाबदारी आहे.

पायथ्याचा प्रश्न समुद्रातही सुटत नाही. प्रवाह खांबाला वळसा घालून जाताना तळाची वाळू उकरतो, म्हणून खांबाभोवती दगड अंथरतात आणि ठरावीक काळानं ध्वनिलहरींनी तळ मोजतात. कधीकधी उपायच नवा त्रास होतो. ऑर्स्टेड या डेन्मार्कच्या कंपनीनं एप्रिल २०२१ मध्ये जाहीर केलं की तिच्या युरोपातल्या दहापर्यंत पवनक्षेत्रांमध्ये समुद्रतळावरच्या वीजवाहिन्या याच दगडांवर घासून खराब होण्याचा धोका आहे. दुरुस्तीचा अंदाज तीन अब्ज डॅनिश क्रोनपर्यंत गेला. वाळूवर उभ्या असलेल्या कोणत्याही बांधकामाला गोदावरीत काय आणि उत्तर समुद्रात काय, दर वर्षी पायाशी जाऊन बघणारा माणूस लागतो.

चंद्रपूर शहराला लागून ऊर्जानगरात महानिर्मितीचं महाऔष्णिक विद्युत केंद्र आहे. तिथे हेच कॅलेंडर उलटं चालतं. १९८३ पासून टप्प्याटप्प्यानं उभ्या राहिलेल्या या केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॉट आहे. २१० मेगावॉटचे दोन आणि ५०० मेगावॉटचे पाच संच तिथे आहेत. सर्वांत जुने दोन संच निवृत्त झाले. कोळसा आसपासच्या खाणींतला, पाणी इरई धरणाचं. २०१० च्या उन्हाळ्यात इरईतलं पाणी आटलं तेव्हा संच बंद ठेवायची वेळ आली होती.

बॉयलरच्या नळ्या झिजतात, त्यांना भोक पडतं आणि संच अचानक बंद पडतो. औष्णिक केंद्रातला हा नेहमीचा आजार. तो अवेळी होऊ नये म्हणून दरवर्षी प्रत्येक संच काही आठवड्यांसाठी मुद्दाम बंद करतात आणि नळ्या, गिरण्या, पंखे, झडपा तपासतात. काही वर्षांनी एकदा टर्बाइनही पूर्ण उघडतात. पण कोणता संच कधी बंद करायचा, हे केंद्र एकट्यानं ठरवू शकत नाही. पश्चिम विभागातल्या सगळ्या राज्यांचं वेळापत्रक मुंबईच्या पश्चिम क्षेत्रीय ऊर्जा समितीत एकत्र बसून जुळवावं लागतं. मार्च ते मे महाराष्ट्राची विजेची मागणी शिखरावर असते, तेव्हा सुट्टी नाही. पाऊस पडला की पंखे-एसी थंडावतात, शेतातले पंप थांबतात, आणि संच दुरुस्तीला घ्यायला सवड मिळते.

आणखी एक गोष्ट तेव्हाच घडत असते. नैर्ऋत्य मोसमी वारे साताऱ्यातल्या चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर आणि धुळ्यातल्या ब्राह्मणवेलला जोरात वाहतात. राज्यातल्या पवनचक्क्यांची वर्षभराची खरी कमाई याच चार महिन्यांत होते. म्हणजे चंद्रपूरचा संच खोलून ठेवलेला असताना त्याच्या जागेचा काही भार पठारावरचा वारा उचलतो. पवनचक्क्यांची नियमित देखभाल जमिनीवर अर्थातच वाऱ्याचा हंगाम सुरू होण्याआधी उरकतात, आणि हंगामात काही बिघडलं तर चिखलातून का होईना, जीप वर जाते.

अरबी समुद्रात मात्र हीच सोय अडचण होऊन बसेल. जून ते सप्टेंबर हा सर्वाधिक विजेचा काळ, आणि बोट न निघण्याचाही. महाराष्ट्रात जून आणि जुलैमध्ये यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ती माशांच्या विणीसाठी तशी खवळलेल्या दर्यासाठीही. गुजरातच्या किनाऱ्यापुढे जूनच्या मध्यात बंद पडलेली पवनचक्की दुरुस्त व्हायला कदाचित सप्टेंबर उजाडेल. युरोपात वारा हिवाळ्यात जोर धरतो आणि लाटाही हिवाळ्यातच उसळतात, पण तिथे मध्येच दोन-चार दिवसांची उघडीप मिळत राहते. आपल्याकडचा मोसमी पाऊस सलग मुक्काम ठोकतो. त्यामुळे युरोपातलं वेळापत्रक जसंच्या तसं उचलून चालणार नाही. बिघाडानंतर धावण्यापेक्षा मे महिन्याच्या आत प्रत्येक यंत्र उघडून बघण्यावर इथे भर द्यावा लागेल. कंपनं, तेलातला धातूचा कीस, बेअरिंगचं तापमान यांवर किनाऱ्यावरून अहोरात्र नजर ठेवावी लागेल. एखादा भाग अर्धवट झिजलेला दिसला तर युरोपातला अभियंता अजून थोडं चालवून पाहू म्हणेल. इथल्या अभियंत्यानं तो पावसाआधीच बदलावा.

भारताला हा समुद्र अगदीच अनोळखी नाही. १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हायचं तेल सापडलं, तेव्हापासून ओएनजीसीचे लोक पावसाळ्यातही तिथल्या फलाटांवर काम करतात. जड बांधकाम ते ऑक्टोबर ते मे या चांगल्या हवेच्या दिवसांतच करतात. त्या अनुभवाची किंमतही मोठी मोजली गेली आहे. २७ जुलै २००५ ला एका जखमी कर्मचाऱ्याला उतरवण्यासाठी समुद्र सुरक्षा हे जहाज बॉम्बे हाय नॉर्थच्या फलाटाजवळ आलं. लाटांनी ते फलाटाच्या वायुवाहिनीवर आदळलं, वायू पेटला आणि फलाट जळून समुद्रात गेला. २२ माणसं गेली. जखम होती बोटांची. जहाज टेकवायचा निर्णय कोणी, कोणत्या लाटेत घ्यायचा, हा नियम अशा जागी सर्वांत आधी लिहायला हवा. तो अगदी साध्या वाटणाऱ्या प्रसंगांसाठीही लिहायला हवा, कारण अपघात तिथूनच सुरू होतो.

समुद्री पवनऊर्जेचं राष्ट्रीय धोरण ऑक्टोबर २०१५ मध्ये आलं. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेनं २०१७ च्या नोव्हेंबरात खंभातच्या आखातात, पिपावाव बंदरापुढे, लेझरच्या मदतीनं वारा मोजणारं लायडार बसवलं. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं गुजरात आणि तमिळनाडूपुढे प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातले ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहेत. बंदरांसाठी वेगळी रक्कम ठेवली ही समाधानाची बाब, कारण देखभालीचं काम बंदरातूनच होतं. पण खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक फार मोठा आहे, भावनगरला तो दहा मीटरच्या घरात जातो. तिथे उघडीप लाटांबरोबर पाण्याच्या पातळीवर आणि प्रवाहाच्या वेगावरही ठरेल. एकाच वेळी तिन्ही अनुकूल असलेले तास दिवसाला किती, हे गणित कोणत्याही युरोपीय पुस्तकात तयार मिळणार नाही.

पुढे वीज किनाऱ्यावर आणण्याचा प्रश्न आला तर मात्र चंद्रपूरकरांना त्यात नवल वाटणार नाही. जर्मनीच्या किनाऱ्यापासून दूरच्या पवनक्षेत्रांची वीज उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहानं आणली जाते. त्याच पद्धतीची १,५०० मेगावॉटची वाहिनी चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत, साडेसातशे किलोमीटर अंतरावर, १९९९ पासून वीज नेते आहे. भद्रावतीला पश्चिम आणि दक्षिण विभाग जोडणारं एकदिश प्रवाहाचं केंद्रही त्याच काळातलं. अशी केंद्रं दुरुस्तीसाठी कधी बंद करायची, याचा पाव शतकाचा अनुभव या जिल्ह्यात जमा आहे आणि तो समुद्राकडे निघालेल्यांनी मागून घ्यावा.

सगळ्यात आधी हवी ती लाटांची नोंद. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था किनाऱ्यावरच्या कोळ्यांसाठी लाटांचा अंदाज रोज देते आणि त्याच्या भरवशावर होड्या निघतात. पवनक्षेत्रासाठी येत्या तीन दिवसांचा अंदाज पुरत नाही. वारा मोजला त्याच जागेवरच्या लाटेची, भरतीची आणि प्रवाहाची तासातासाची नोंद किमान काही पावसाळ्यांची हवी. शिवाय ती निविदा निघण्याआधी प्रत्येक बोलीदाराच्या हाती पडायला हवी, म्हणजे ऑगस्टमध्ये बंद पडलेलं एक यंत्र किती आठवडे तसंच उभं राहील हे त्याला आपल्या दरात धरता येईल.